माझ्या बाजूचा ब्रेक

क्लबचे सेक्रेटरी आमच्या दारात आले तेव्हा मी बनियनवर उभा राहून गाडीची सीट कव्हरं दोरीवर वाळत घालत होतो. मोठी माणसं नेमकी अशाच वेळी येतात. मी इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून बसलेलो असतो तेव्हा आमच्याकडे फक्त मीटरचं रीडिंग घेणारा येतो.

“गाडी शिकवणारे तुम्हीच ना?”

“ड्रायव्हिंग स्कूलचा संचालक मीच,” मी कव्हराच्या मागून म्हणालो. संचालक मी, शिक्षक मी आणि गाडी धुणाराही मीच. पण हे सगळं सांगायची ती वेळ नव्हती.

“एक विद्यार्थी आहे. पण बोभाटा नको.” त्यांनी जिन्याकडे एकदा पाहिलं, आवाज खाली आणला आणि विद्यार्थी कोण ते सांगितलं. माझ्या हातातला कपड्याचा चिमटा खाली पडला.

त्यांनी सांगितला तो माणूस आमच्या शहरातला त्या वेळचा सगळ्यात महागडा माणूस होता. गोल मारण्यासाठी त्याला क्लबने दूरच्या एका क्लबातून विकत आणलं होतं, आणि त्यापायी मैदानाच्या पूर्वेकडच्या बाकांवर घालायचं छप्पर पुढच्या वर्षावर ढकललं होतं. तो आला त्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्याला ‘सोनपाय’ म्हटलं. मग मॅचेस सुरू झाल्या आणि गोल काही होईना. बॉल खांबाला लागे, नाहीतर खांबाच्या बाहेरून जाई. लोकांनी त्याचं नाव ‘खांब्या’ ठेवलं. उन्हात बसलेली माणसं नावं ठेवायला फार वेळ घेत नाहीत.

“तिकडे त्याला त्याचा मोठा भाऊ ने-आण करायचा,” सेक्रेटरी म्हणाले. “भाऊ तिकडेच राहिला. इथे आम्ही क्लबचा ड्रायव्हर दिलाय. पण…”

“पण काय?”

“ड्रायव्हरला फुटबॉलमधलं कळतं.”

मी समजलो. हा ड्रायव्हर जाताना आज कसं खेळायचं ते सांगे आणि येताना कसं खेळायला हवं होतं ते. मुद्दा फार महत्त्वाचा असला तर स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून, मागे वळून सांगे. मैदानावर हजारो लोक ओरडतात ते ठीक आहे, ते निदान मॅच संपली की घरी जातात.

“आणि महिनाअखेरीला त्याची बायको आणि मुलगी येताहेत,” सेक्रेटरींनी कपाळ पुसलं. “बायको म्हणते, फोनवर तुझा आवाज पडलेला येतो, तिथे तुझा जीव लागत नाहीये, परत चल. ती येऊन बघणार आणि मग ठरवणार. तो म्हणतो, मी स्वतः गाडी चालवत त्यांना स्टेशनवरून घेऊन येणार. मी इथे काहीतरी करू शकतो हे तिला दिसलं पाहिजे. आता मला सांगा, ती ‘चल’ म्हणाली आणि हा गेला, तर आम्ही लोकांना तोंड कसं दाखवायचं?”

जाताना ते दारात थांबले. “आणि हो, त्याच्या पायाला जर का साधं खरचटलं…”

वाक्य पूर्ण न करताच ते जिना उतरले. माझ्या घरात वाक्य अर्धं सोडून गेलेल्या माणसाचा मला फार त्रास होतो. नंतरचे चार दिवस ते वाक्य मीच निरनिराळ्या तऱ्हेने पूर्ण करत होतो आणि प्रत्येक तऱ्हेत शेवटी माझी गाडी जप्त होत होती.

विद्यार्थी आला तो ताडमाड, खाली मान घालून. माझ्या छोट्या गाडीत त्याने स्वतःची घडी घातली तेव्हा त्याचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना वर आले. त्या गुडघ्यांना क्लबच्या हुकमावरून उशा बांधलेल्या होत्या. विमा कंपनीचं म्हणणं तसं होतं म्हणे. माझ्या गाडीत आजवर शाळेच्या बाई शिकल्या, भूलतज्ज्ञ शिकले, दोन सख्ख्या जावा एकमेकींशी न बोलता शिकल्या, पण उशा बांधून कोणी बसलं नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. विद्यार्थी चुकला तर शिक्षकाने गाडी थांबवायची. आमचा सगळा संसार त्या एका ब्रेकवर उभा आहे. शिकवण्याचं काय, तोंडाने कोणीही शिकवेल.

पहिल्या दिवशी त्याने गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला, गाडी चार हात गेली आणि गचका खाऊन बंद पडली.

“क्लच झटकन सोडलात,” मी म्हणालो.

“सॉरी सर.”

पुन्हा सुरू, पुन्हा चार हात, पुन्हा बंद. मी शांतपणे क्लचवर माझं नेहमीचं व्याख्यान दिलं. हे व्याख्यान ऐकून आजवर कोणीही तिसऱ्यांदा गाडी बंद पाडलेली नाही. याने सातव्यांदा पाडली. दर वेळी तो “सॉरी सर” म्हणे आणि त्याचे खांदे थोडे खाली जात.

बोभाटा नको ही गोष्ट संध्याकाळपर्यंत टिकली. संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक खाली आले, न विचारता खुर्चीत बसले आणि म्हणाले, “तुम्ही ही जबाबदारी घ्यायला नको होती. घेतलीच आहे, तर माझ्या मते त्याला गाडी न चालवू देता शिकवा. आधी सगळी थिअरी पक्की करून घ्या. दोनेक वर्षं.”

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने हाक मारून माझ्या हातात गुंडाळायच्या पट्टीची दोन भेंडोळी ठेवली. “गाडीत असू द्या. वेळ सांगून येत नाही.” सोसायटीच्या चेअरमननी, खाली अनोळखी माणसांची गर्दी होते म्हणून मला नोटीस दिली. मग त्याच नोटिशीच्या मागच्या बाजूला त्यांना पुतण्यासाठी खांब्याची सही हवी होती, म्हणून ती परत नेली. भाजीवाली म्हणाली, “त्याचा पाय मोडला तर बरंच होईल, दुसरा कोणी खेळेल.” ती हसत म्हणाली, पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

या सगळ्या हितचिंतकांमुळे मी गाडीत बसलो की समोर रस्ता दिसायच्या आधी मला ते दोन पाय दिसत. सायकल दिसली की मी दाराचं हँडल धरी. वळण आलं की पट्टा आणखी आवळी. आणि गाडी मात्र रोज बंद पडायची. चौकात बंद, फाटकासमोर बंद, मोकळ्या मैदानात समोर कोणी नसताना बंद. माझ्या स्कूलची अब्रू रस्त्यारस्त्यावर सांडत चालली होती. बसवाले मला ओळखू लागले होते.

एकदा तो गाडी बाजूला लागल्यावर, म्हणजे बाजूला बंद पडल्यावर, उशांकडे बघत म्हणाला, “सर, तिकडे मी विचार न करता खेळायचो. इथे बॉल येतो तेव्हा पाय क्षणभर थांबतात. का, ते कळत नाही. आता गाडीतही तेच. पायच माझं ऐकत नाहीत.”

“सराव,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मला खरोखरच वाटत होतं की या माणसाच्या पायात काहीतरी बिघडलंय.

मध्येच परवान्याची परीक्षा घेणाऱ्या कचेरीतून निरोप आला की उमेदवाराच्या पायांबद्दल डॉक्टरी दाखला हवा. नियम जुना होता, पण साहेबांना तो याच उमेदवारासाठी आठवला होता. तिथले डॉक्टर छप्पर हुकलेल्या त्या पूर्वेच्या बाकांवर बसणारे निघाले. त्यांनी त्याला उठवलं, बसवलं, गुडघ्यावर हातोडी मारली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “पाय दोन आहेत, एवढं मी लिहून देऊ शकतो. ते चालतात का, हे लिहायला माझं मन घेत नाही.” मी अर्धा तास विनवण्या केल्या तेव्हा ‘समाधानकारक’ एवढा शब्द मिळाला. विद्यार्थी दाराशीच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

परीक्षेच्या आठवड्यात माझ्या बायकोचं शिलाई मशीन दुरुस्तीला टाकायचं होतं. “तुम्ही तिकडूनच जाता ना? मला सोडा,” ती म्हणाली आणि मशीन मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसलीसुद्धा. विद्यार्थ्याने तिला नमस्कार केला, गाडी सुरू केली, गाडी चार हात गेली आणि बंद पडली.

“क्लच,” मी म्हणालो.

पुन्हा सुरू. पुन्हा बंद.

“अहो,” मागून आवाज आला, “तुमचा पाय कशाला चाललाय?”

“माझा पाय कुठे चाललाय?”

“मशीनवर बसल्यासारखा चाललाय. तो निघाला की तुमचा गुडघा वर येतो आणि फाटकन खाली जातो. ते खाली काय आहे?”

खाली ब्रेक होता. मी पायाकडे पाहिलं. पाय ब्रेकवर होता, चांगला घट्ट. तो तिथे मी ठेवला नव्हता. शपथेवर सांगतो, मी त्याला तिथे जा म्हणून सांगितलं नव्हतं.

“मी शिक्षक आहे,” मी म्हणालो. “ड्रायव्हिंगमधलं तुला काय कळतं?”

“काही नाही कळत. पण ब्रेक दाबला की गाडी थांबते, एवढं कळतं.”

मी दार उघडून खाली उतरलो आणि ताठ मानेने चालू लागलो. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की गाडी माझी आहे, तेव्हा परत आलो. असं परत येताना चेहऱ्यावर काय ठेवायचं हे मला अजून जमलेलं नाही.

विद्यार्थी हसत नव्हता, रागावलाही नव्हता. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसाच बसला होता.

“म्हणजे इतके दिवस मी बंद पाडत नव्हतो?” त्याने विचारलं.

“नाही.”

“सर, मला वाटलं आता पायही गेले.”

हे तो इतक्या साध्या आवाजात म्हणाला की मला भयंकर लाज वाटली. मी त्याच्या उशा सोडायला लागलो, तर बायको म्हणाली, “त्या राहू देत, आधी स्वतःचा पाय आवरा.” मी पाय सीटखाली सरकवला, वर तिचं मशीन ठेवून घेतलं आणि गाडी मशीनवाल्याच्या दुकानापर्यंत एकदाही न थांबता गेली. दुकान मागे पडलं तरी थांबली नाही. चौथा गिअर पडला तेव्हा तो मोठ्याने हसला. त्याचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

पण पायाची सवय अशी जाते थोडीच? दुसऱ्या दिवशी मशीन नव्हतं आणि पाय पुन्हा धावला. मी बूट काढून बसलो. पिशवी ठेवली. डाव्या पायाने उजवा दाबून धरला. दहातल्या सात वेळा जमलं, तीन वेळा पायच जिंकला.

परीक्षा शुक्रवारी. त्या दिवशी माझ्या जागेवर परीक्षक साहेब बसले आणि मला मागे बसवलं. साहेबांनी खिडकीतून बाहेर बघत आपलं म्हणणं आधीच मांडलं, “मी पूर्वेच्या बाकांवर बसतो. डोक्यावर छप्पर नाही. पण इथे मी कोणावर राग काढत नाही.” त्यांचा जबडा ज्या तऱ्हेने आवळला होता, त्यावरून ते स्वतःलाच बजावत असावेत.

गाडी निघाली. गेली. वळली. मागे मी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून बसलो होतो, घाम कानांमागून उतरत होता. चढ झाला, गाडी मागे घेऊन झाली, सगळं सुंदर. मग शेवटच्या वळणावर त्याने डावीकडचा इंडिकेटर दिला, खांदा डावीकडे झुकवला आणि झपकन उजवीकडे गाडी घातली. मागचा टेम्पोवाला कसाबसा थांबला आणि आमच्या सगळ्यांच्या आयांचा उद्धार करून गेला.

“हे काय?” साहेब ओरडले.

“सॉरी,” तो गोंधळून म्हणाला. “समोर माणूस आला की डावीकडे दाखवून उजवीकडे जायचं, लहानपणापासून तेच करतोय.”

साहेबांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. “नापास. रस्त्यावर जिकडे दाखवाल तिकडेच जायचं.” मग दार उघडून अर्धे उतरले, थांबले आणि पुन्हा आत वाकले. “आणि मैदानावर तुम्ही इथे आल्यापासून डावीकडे दाखवून डावीकडेच जाताय. पोरंसुद्धा अडवतात तुम्हाला. हे जे आत्ता केलंत, ते तिथे करा ना!”

मला वाटलं, आता हा मोडला. परवाना नाही, रविवारी बायको येणार, संपलं सगळं. पण तो विचारात पडला होता. “सर,” तो म्हणाला, “इथे आल्यापासून सगळे सांगतात, धीर धर, मन लाव, होईल. काय चुकतंय ते आज पहिल्यांदा कोणीतरी नीट सांगितलं.”

शनिवारी मॅच होती. मी आणि माझी बायको पूर्वेच्या बाकांवर डोक्याला रुमाल बांधून बसलो. त्याने डावीकडे खांदा टाकला, समोरचा डावीकडे आडवा झाला, हा उजवीकडून निघाला आणि मारला. बॉल खांबाला लागला. सगळं मैदान “हाऽऽ” करून खाली बसलं, आणि परत आलेला बॉल दुसऱ्याच खेळाडूने आत ढकलला. जिंकलो. पेपरात नाव दुसऱ्याचं आलं. आमच्या पुढे बसलेला गृहस्थ म्हणाला, “पुन्हा खांबच!” बायकोने त्याला असं काही सुनावलं की तो मॅच संपेपर्यंत वळला नाही. पण याचा गोल अजून नव्हताच, परवानाही नव्हता, आणि त्याच्या बायकोची आगगाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती.

परवाना नसला तरी शिकणाऱ्याला शिक्षक शेजारी असताना गाडी चालवता येते. म्हणजे मी हवा, माझी गाडी हवी आणि तिच्या पुढे-मागे लावलेली ‘शिकाऊ’ ही लाल पाटीही हवी. सेक्रेटरी सकाळीच धावत आले. “आमचा सगळ्यात मोठा खेळाडू या पाटीखाली जाणार? ती काढता येत नाही का?” मी म्हणालो, कायदा आहे. ते म्हणाले, मग निदान छोटी लावा. शेवटी विद्यार्थीच म्हणाला, “असू दे. जे आहे ते आहे.” गुडघ्याच्या उशा मात्र त्याने सोडून सेक्रेटरींच्या हातात दिल्या.

मी माझ्या जागेवर बसलो. पाय ब्रेकच्या दिशेने निघाला. आज दहातले तीन चालणार नव्हते, आज एकही चालणार नव्हता. तेव्हा मी बूट काढले आणि सरळ सीटवर मांडी घातली. या वयात, त्या एवढ्याशा सीटवर, पट्टा लावून. सेक्रेटरी काचेतून माझ्याकडे बघत राहिले. एका संचालकाला सहन करता येईल त्याच्या पलीकडचं ते बघणं होतं.

स्टेशनवर त्याची बायको उतरली. हसली नाही. तिने आधी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग गाडीकडे, मग माझ्याकडे. मुलगी त्याच्या गळ्यात पडली. सामान ठेवलं, दोघी मागे बसल्या आणि आम्ही निघालो. आरशात तिचे डोळे त्याच्या मानेवर होते. ती बघायला आली होती आणि बघत होती.

स्टेशनबाहेरच्या पुलाच्या चढावर सगळी वाहनं अडकली. आमच्या मागे बस येऊन चिकटली. शेजारी थांबलेल्या स्कूटरवाल्याने वाकून काचेतून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. “अरे, खांब्या! गाडी शिकतोस होय? आधी गोल मारायला शीक की!”

विद्यार्थ्याचे कान लाल झाले. पुढची वाहनं सुटली, त्याने क्लच सोडला आणि गाडी गचका खाऊन बंद पडली.

या वेळी तो मी नव्हतो. बस भोंगा वाजवायला लागली. गाडी हळूच मागे सरकली. मी आरशात पाहिलं तर सगळ्या आरशात बसच होती. माझा पाय धावला, पण तो माझ्याखाली अडकलेला होता आणि त्याला एवढ्या मुंग्या आल्या होत्या की कुठला डावा नि कुठला उजवा तेही कळेना. मी दातांवर दात दाबले. पायाला नाही तर तोंडाला तरी काम हवं होतं, म्हणून ‘क्लच’ हा शब्द ओठांपर्यंत आला, तो मी गिळला.

त्याने हँडब्रेक ओढला. गाडी थांबली. भोंगा चालूच होता. त्याने घाई केली नाही. किल्ली फिरवली, इंजिनाचा आवाज ऐकत थांबला, पाय हळूहळू उचलला, गाडीचं नाक जरासं वर आलं आणि मग त्याने हँडब्रेक सोडला. गाडी पुलावर अशी चढली की मला ओरडावंसं वाटलं. बस मागे राहिली. स्कूटरवालाही.

पूल उतरून आम्ही मोकळ्या रस्त्याला लागलो. मग मुलीचा आवाज आला.

“बाबा, हे काका मांडी घालून का बसलेत?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्या क्षणी माझी सगळी प्रतिष्ठा माझ्याकडे आशेने बघत होती. पण तोच आधी बोलला, रस्त्यावरची नजर न काढता.

“ते अजून शिकताहेत, बाळा. बाहेर पाटी लावलीय ना त्यांची.”

त्याची बायको हसली. आधी दाबायला गेली, मग जमेना, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मुलगीही हसली. तोही हसला आणि तरीही गाडी सरळ चालली होती. मी मात्र गंभीर चेहऱ्याने समोर बघत होतो, कारण कोणीतरी गंभीर राहायलाच हवं होतं.

हसू ओसरल्यावर ती पुढे वाकली आणि मला म्हणाली, “काका, इथे शाळा कुठली चांगली आहे हो? घरापासून जरा लांब असली तरी चालेल. हिला रोज हाच सोडायला जाईल.”

आधी परवाना तर मिळू दे, असं मी म्हणणार होतो. पण मांडी घालून बसलेल्या माणसाला ते शोभलं नसतं, म्हणून माझ्या गाडीत शिकलेल्या त्या बाईंची शाळा मी सांगितली.